तारेच्या कुंपणाचे लोखंडी खांब: टोकाच्या खांबासाठी अँगल किती जाड घ्यावा?

रेखाटनकार (प्रश्न)

नमस्कार. सपाट जागेभोवती घालायच्या काटेरी तारेच्या कुंपणासाठी मी लोखंडी खांबांचे रेखाचित्र तयार करीत आहे. खांबाची जमिनीवरची उंची १.५ मीटर असून ०.३ मीटर अंतराने पाच तारा ओढायच्या आहेत, म्हणजे सर्वांत वरची तार खांबाच्या माथ्यालगत येईल. दोन खांबांमधील अंतर ३ मीटर ठेवले आहे. सध्याच्या आराखड्यात सर्व खांबांना ५०×५०×६ मिलिमीटरचा एकच अँगल (‘L’ आकाराच्या छेदाची लोखंडी पट्टी) धरला असून टोकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांना १ मीटर उंचीवर ४५ अंशांत तिरका टेकू दिला आहे. पाया सगळीकडे ३००×३०० मिलिमीटर आणि ६०० मिलिमीटर खोल कॉंक्रीटचा आहे.

टोकाचे खांब काही काळाने आत झुकतात असा सार्वत्रिक अनुभव असल्यामुळे त्यांच्यापुरता अँगल ८ किंवा १० मिलिमीटर जाडीचा घ्यावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. तेवढ्याने प्रश्न सुटेल का? अँगलऐवजी पाइप वापरण्यात खरोखर काही फायदा आहे का? आणि टेकू वेल्डिंगने जोडावा की बोल्टने, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भारगणित (प्रतिसाद)

आपल्या सहकाऱ्यांची सूचना समजण्यासारखी आहे, परंतु टोकाचा खांब झुकतो त्याचे कारण बहुतेक वेळा लोखंडाच्या जाडीत नसून जमिनीत असते. आपल्याच आकड्यांवर हिशेब करून पाहू.

प्रत्येक तारेत १ किलोन्यूटन ताण आहे असे धरले, तर पाच तारांमुळे टोकाच्या खांबाच्या बुडाशी येणारे मोमेंट (वाकवणारा परिणाम, म्हणजे बल गुणिले उंची) ०.३, ०.६, ०.९, १.२ आणि १.५ यांच्या बेरजेइतके, म्हणजे ४.५ किलोन्यूटन-मीटर होते. ५०×५०×६ अँगलचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करण्याच्या छेदाच्या क्षमतेचे माप) साधारण ३.६ घन सेंटिमीटर आहे. टेकू नसता तर या अँगलमध्ये १२५० मेगापास्कल इतका ताण (छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवरचे बल) आला असता आणि साधे पोलाद तर २५० मेगापास्कललाच शरण जाते, म्हणजे कायमचे वाकते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. टेकूशिवाय टोकाचा खांब उभा राहण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जाडी ६ वरून १० मिलिमीटर केल्याने ही पाचपटीची तफावत भरून निघत नाही.

आता टेकू धरून पाहू. खांबाचे खालचे टोक बिजागरीसारखे मानले, तर १ मीटर उंचीवरच्या टेकूला ४.५ किलोन्यूटन आडवा भार घ्यावा लागतो. टेकू ४५ अंशांत असल्यामुळे त्यात सुमारे ६.४ किलोन्यूटन दाब येतो आणि तोच टेकू खांबाला ४.५ किलोन्यूटन बलाने वर उचलू पाहतो. हे वर उचलणारे बल रेखाचित्रात कोणी दाखवत नाही, आणि खांब झुकण्याचे मूळ तिथेच असते. आपल्या ३००×३००×६०० मिलिमीटरच्या कॉंक्रीटचे वजन जेमतेम १.३ किलोन्यूटन भरते. उरलेला भार बाजूच्या मातीच्या घर्षणावर सोपवलेला आहे, आणि माती भिजली की ते घर्षण ओसरते. पाया बोट-दोन बोटे वर सरकतो, खांब आत कलतो, तारा सैल पडतात. मग कोणीतरी त्या पुन्हा ताणतो आणि पाया आणखी सरकतो.

यावर उपाय टेकूचा पाय लांब नेण्यात आहे. उचलणारे बल म्हणजे एकूण मोमेंट भागिले खांबापासून टेकूच्या पायापर्यंतचे अंतर, इतके हे सोपे सूत्र आहे. टेकू खांबाला कोणत्या उंचीवर जोडला याचा या बलाशी संबंध नाही. पाय १ मीटरवर असेल तर ४.५ किलोन्यूटन, २ मीटरवर नेला तर २.२५ किलोन्यूटन. जोडाची उंची मात्र खांबाच्या वाकण्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. जोड १ मीटरवर असताना वरच्या दोन तारा खांबाचा मोकळा माथा ओढतात आणि जोडापाशी ०.७ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येते, म्हणजे आपल्या अँगलमध्ये सुमारे १९४ मेगापास्कल. तोच जोड १.२ मीटरवर नेला की खांबातील सर्वाधिक मोमेंट ०.४५ वर येते आणि ताण १२५ मेगापास्कल होतो. एक ग्रॅम लोखंड न वाढवता खांबावरचा भार एक-तृतीयांशाहून अधिक कमी झाला.

म्हणून माझा सल्ला असा की जोड १.२ मीटरवर घ्यावा, टेकूचा पाय २ मीटरवर न्यावा आणि टोकाच्या खांबाचा पाया ४५०×४५० मिलिमीटर आणि ७५० मिलिमीटर खोल करावा, म्हणजे निव्वळ वजनच ३.६ किलोन्यूटन होईल. खड्डा खणताना बुडाशी थोडा रुंद केला तर आणखी चांगले. पुष्कळ ठिकाणी खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता खणला जातो, तो उचलणाऱ्या बलाला जवळजवळ काहीच विरोध करीत नाही. टेकूच्या पायाशीही कॉंक्रीटचा ठोकळा हवाच, कारण तिथे ३.७५ किलोन्यूटन आडवा रेटा भुसभुशीत वरच्या थरावर येतो.

नळीछेद (प्रतिसाद)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. अँगल आणि पाइप यांच्या तुलनेविषयी थोडे लिहितो.

५०×५०×६ अँगलचे वजन मीटरला ४.५ किलो आहे. ४८.३ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या आणि ३.२ मिलिमीटर जाडीच्या पाइपचे वजन मीटरला सुमारे ३.५६ किलो भरते, आणि तरीही त्याचा सेक्शन मॉड्युलस ४.८ घन सेंटिमीटर, म्हणजे अँगलपेक्षा एक-तृतीयांशाने जास्त आहे. शिवाय अँगलचा ३.६ हा आकडा त्याच्या पायांना (‘L’च्या दोन भुजांना) समांतर अक्षाचा आहे. भार तिरका आला की अँगल आपल्या सर्वांत दुबळ्या अक्षाकडे वळतो आणि तिथे हाच आकडा २.६ च्या आसपास उतरतो. पाइपला दुबळी दिशा नाही. पिळवटण्याच्या बाबतीत तर तुलनाच नको: याच दोन छेदांत पाइप अँगलपेक्षा तीसपटीहून अधिक ताठ आहे. तार अँगलच्या एका पायावर बांधलेली असल्याने खांबाला पीळ बसतोच, आणि जुन्या कुंपणांतले अँगल वाकण्याबरोबर थोडे फिरलेलेही दिसतात ते यामुळे.

टेकूच्या बाबतीत हा फरक आणखी जाणवतो. १.२ मीटर उंची आणि २ मीटर अंतर धरले तर टेकूची लांबी २.३३ मीटर होते. त्याला ५०×५०×६ अँगल लावला तर लांबी आणि किमान परिभ्रमण त्रिज्या (छेदाच्या आकारावरून काढलेले, बाक येण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) यांचे गुणोत्तर २४० च्या पुढे जाते. दाब सहन करणाऱ्या घटकासाठी १८० ही प्रचलित मर्यादा आहे. पाइपमध्ये तेच गुणोत्तर १४६ च्या जवळ राहते. प्रत्यक्ष दाब ४.४ किलोन्यूटनच असल्यामुळे अँगलही लगेच मोडणार नाही हे खरे, परंतु इतका सडपातळ टेकू एखाद्या जनावराच्या धडकेनेही बाक धरतो आणि एकदा बाक आला की त्याची दाब घेण्याची क्षमता झपाट्याने घटते.

मधल्या खांबांसाठी मात्र अँगल पुरेसा आहे. तिथे दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलून धरतात. अट एवढीच की तार मधल्या खांबाला करकचून आवळू नये. ती खांबावर अडकलेली पण सरकू शकणारी असावी, म्हणजे ताण विनाअडथळा टोकापर्यंत पोहोचतो.

रेखाटनकार

दोघांचेही मनापासून आभार. टोकाचे खांब आणि टेकू पाइपचे, मधले खांब अँगलचे, असा बदल करीत आहे. आणखी दोन शंका आहेत. पुढे एका बाजूला काटेरी तारेऐवजी १.८ मीटर उंचीची चेनलिंक जाळी येण्याची शक्यता आहे आणि तिच्यावर हिरवे शेडनेटही लावले जाईल. तसेच एका ठिकाणी हद्दीची रेषा साधारण १० अंशांनी वळते. तो कोपरा म्हणण्याइतका मोठा नसल्यामुळे तिथे मधलाच खांब धरला आहे.

भट्टीकाम (प्रतिसाद)

वेल्डिंग की बोल्ट, हा आपला मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. मी खांब तयार करून त्यांवर जस्ताचा मुलामा चढवून घेण्याच्या कामात आहे, त्या बाजूने लिहितो.

जागेवर वेल्डिंग करू नये. मुलामा दिलेल्या खांबावर वेल्डिंग केले की जोडाभोवतीचे जस्त जळून जाते आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. खांबाला लहान पट्टी कारखान्यातच जोडून घ्यावी, भोके पाडून घ्यावीत आणि मग संपूर्ण नग जस्तात बुडवावा. जागेवर टेकू बोल्टने बसवावा. ८५ मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६१० ग्रॅम जस्त. रेखाचित्रावर नुसते ‘गॅल्व्हनाइज्ड’ न लिहिता जाडीचा आकडा लिहावा, कारण त्या एका शब्दाखाली अगदी पातळ थरही खपून जातो.

पाइप घेणार असाल तर एक गोष्ट विसरू नये. दोन्ही टोके बंद असलेला पाइप वितळलेल्या जस्तात, म्हणजे ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास, बुडवला की आतली हवा आणि ओल प्रसरण पावून तो फुटू शकतो. माथ्यावरचे झाकण मुलाम्यानंतर बसवावे, किंवा वेल्ड करायचेच असेल तर हवेसाठी दोन्ही टोकांना भोक ठेवावे. झाकणाशिवाय पाइप उभा करू नये. आत साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही आणि भिंत आतून खात राहते.

लोखंडी खांब सर्वांत आधी कुजतो तो कॉंक्रीटमधून बाहेर पडतो त्या दोन बोटांच्या पट्ट्यात. तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. म्हणून कॉंक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर काढून चारही बाजूंना उतरता करावा. त्या पट्ट्यात भोक किंवा वेल्डिंग येणार नाही अशी मापे रेखाचित्रातच द्यावीत.

भारगणित

शेडनेटबद्दल आधी सांगतो, कारण ती बाब गंभीर आहे. ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन होतो. ३ मिलिमीटर तारेच्या, ५० मिलिमीटर घराच्या उघड्या जाळीत वाऱ्याला अडवणारा भाग जेमतेम १२ टक्के असतो. ३ मीटर अंतरावरच्या १.८ मीटर उंच खांबाच्या बुडाशी तेव्हा सुमारे ०.६४ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येते. पाइपमध्ये याचा ताण १३३ मेगापास्कल होतो, जो चालण्यासारखा आहे. अँगलमध्ये तो १७७ होतो. त्यावर शेडनेट ताणून तीन-चतुर्थांश भाग बंद केला की हाच भार सहापट होतो. मग मधल्या खांबांसाठी वर ठरलेले काहीही लागू राहत नाही. वेल चढू देणे हाही हळूहळू घडणारा तोच प्रकार आहे. शेडनेट निश्चित असेल तर ती बाजू वेगळी काढून खांबांमधील अंतर, छेद आणि पाया तिन्ही नव्याने ठरवावे लागतील, किंवा प्रत्येक खांबाला वाऱ्याच्या दिशेने टेकू द्यावा लागेल.

तारेच्या ताणाविषयीही एक भर घालतो. मी १ किलोन्यूटन धरला होता तो तार ओढतानाचा. तापमान २० अंशांनी उतरले की दोन्ही टोके पक्की असलेल्या पोलादी तारेत ४८ मेगापास्कल ताण वाढतो, मग ती २० मीटर लांब असो की २००. २.५ मिलिमीटरच्या दोन धाग्यांच्या काटेरी तारेत, सरळ तारेच्या हिशेबाने, ही वाढ जवळजवळ अर्धा किलोन्यूटन होते. दुपारच्या उन्हात करकचून ओढलेली तार पहाटे टोकाच्या खांबावर दीडपट भार टाकते, तेव्हा आराखडा १.५ किलोन्यूटनवरच करावा. मग उचलणारे बल ३.४ किलोन्यूटनच्या जवळ जाते आणि मी सुचवलेला पाया काठावर येतो; तो ८५० मिलिमीटर खोल करावा किंवा टेकूचा पाय २.५ मीटरवर न्यावा. खांबातील मोमेंट ०.६८ होऊन अँगलमध्ये १८८ मेगापास्कल येतात, पाइपमध्ये १४१. पाइपचा आपला निर्णय त्यामुळे योग्यच ठरतो.

आता १० अंशांचे वळण. वळणाच्या खांबावर आत ओढणारे बल म्हणजे तारेच्या ताणाची दुप्पट गुणिले वळणाच्या निम्म्या कोनाची ज्या (साइन). १० अंशांसाठी ते ताणाच्या सुमारे १७ टक्के भरते, जे ऐकायला किरकोळ वाटते. परंतु १.५ किलोन्यूटनच्या पाच तारांचे बुडाशी मोमेंट ६.७५ आहे आणि त्याचे १७ टक्के म्हणजे जवळजवळ १.२ किलोन्यूटन-मीटर. पाइपमध्येही यामुळे २४५ मेगापास्कल येतात, आणि अँगल तर वाकणारच. एक तर त्या खांबाला वळणाच्या आतल्या बाजूने, दोन्ही ओळींच्या बरोबर मध्यावर, टेकू द्यावा. किंवा हद्द तेवढी सवलत देत असेल तर तेच वळण लागोपाठच्या दोन खांबांवर पाच-पाच अंशांत विभागावे. तेव्हा प्रत्येकावर निम्मेच मोमेंट येते, पाइपमधील ताण १२३ मेगापास्कलवर उतरतो आणि टेकूची गरज राहत नाही. मात्र ते दोन्ही खांब पाइपचे घ्यावेत आणि त्यांचा पाया मधल्या खांबांपेक्षा खोल ठेवावा.