प्रतिसाद: फुलं कोमेजतात ती तारेमुळे

वर एकीने लिहिलंय की घरी केलेल्या मुकुटातली फुलं दुपारपर्यंत माना टाकतात, त्यापेक्षा कागदी फुलं बरी. माना टाकतात हे खरं, पण माझ्या मते दोष बहुतेक वेळा उघड्या तारेचा असतो. ती नाजूक देठात रुतते आणि देठ तिथेच चिरडतो.

गेल्या मे महिन्यात बहिणीच्या डोहाळजेवणाला मी मुकुट केला, तेव्हा आईने केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, काढायला लावलं. वसईकडच्या बायका गजरे ओवतात तेच. सोपटाच्या बारीक पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या, तारेच्या कड्यावर घट्ट गुंडाळल्या आणि फुलांचे झुबके त्याच ओल्या पट्टीने बांधले. सोपट ओल धरून ठेवतं, कपाळालाही टोचत नाही. कडं डोक्याच्या मापापेक्षा दोन बोटं मोठं ठेवा, फुलं बांधली की आतून आवळतं. मागचा भाग मोकळा ठेवून रिबीन लावली की अंबाड्यावरही बसतं.

फुलं पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणली. मोगऱ्याच्या कळ्या मात्र मिटलेल्याच घ्या, त्या संध्याकाळी उमलतात. उमललेला मोगरा हात लागला तरी तपकिरी पडतो. शेवंती आणि अ‍ॅस्टर दणकट, त्यांचा पाया करा आणि मोगरा सगळ्यात शेवटी खोचा. आमचं जेवण संध्याकाळी सातला होतं. ओटी भरताना कळ्या एकेक करून उघडत होत्या आणि बहिणीच्या केसांना रात्रभर तो वास होता.