रावेतचा वन बीएचके भाड्याने द्यायला घेऊ का? एजंटचा हिशोब पटत नाहीये

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मूळचा नाशिकचा, वय ३१, नोकरी पुण्याजवळ हिंजवडीत. मी स्वतः वाकडला मित्रांबरोबर भाड्याने राहतो. रावेतला सहा वर्षं जुना वन बीएचके ४८ लाखांत मिळतोय. माझ्याकडे १५ लाख साठलेत. एजंट म्हणतो, "१२ तुमचे, ३६ बँकेचे. १७ हजार भाडं येईल, निम्म्याहून जास्त हप्ता भाडेकरूच भरेल." आई म्हणते घेऊन टाक. आमच्या घरात दुसरं घर कोणी घेतलेलंच नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला? म्हणून इथे.

सांडगी मिरची
एफडी करा आणि शांत झोपा. भाडेकरूचा गीझर रात्री अकरालाच बिघडतो.

चिंचवडची काकू
मिरचीताईंचं गीझरचं खरं आहे हो, पण तेवढ्यावर ठरवू नकोस. आमचा एक वन बीएचके २०११ पासून भाड्याने आहे. तेव्हापासून एक वही ठेवलीये, कोण आलं, कधी गेलं, नळ कधी बदलला. हे घरात दळणाच्या हिशोबासारखं वाटतं सगळ्यांना, पण तुला सांगायला तीच उपयोगी पडतेय.

आधी तुझे १५ लाख. ४८ लाखांवर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटचे एक टक्का धरले तरी ४८ हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत. रंग, पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांना जाळ्या, दीड लाख कुठे जातात कळत नाही. ४८ चे झाले जवळपास ५४. बँक ३६ देणार, म्हणजे तुझे १८ हवेत, १२ नव्हे. उरलेले तीन कुठून आणणार, हे एजंटला विचारलंस का?

आता भाडं. १७ हजार गुणिले बारा हा कागदावरचा हिशोब. माझ्या वहीत बारा महिने भाडं आलेली वर्षं कमीच. २०२० च्या मार्चमध्ये आयटीची दोन मुलं सामान तसंच टाकून गावी गेली, घर पाच महिने रिकामं. तसं वर्ष सोडून दे, पण एक महिना दरवर्षी रिकामा धरच. म्हणजे १ लाख ८७ हजार. त्यातून मेंटेनन्स (तुमच्या त्या सोसायटीत २२०० असेल तर २६,४००), मालमत्ता कर ११ हजार धरू, दुरुस्तीचे १२ हजार, नवा भाडेकरू आणणाऱ्याला अर्ध्या महिन्याचं भाडं. उरले १ लाख २९ हजार. ५४ लाखांवर शेकडा अडीचसुद्धा नाही. महिन्याला पावणेअकरा हजार हातात. ३६ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ३१ हजारांच्या वर. दर महिन्याला साडेवीस हजार तुझ्या पगारातून जाणार. निम्म्याहून जास्त तूच भरतोयस, भाडेकरू नाही.

ते झेपत असेल तर जागा बघायला जा, पण एजंटबरोबर नाही, एकटा. एप्रिल-मेमध्ये, सकाळी सातला. गेटवर टँकर उभा आहे का बघ. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या शेवटापासून दिवसाआड पाणी आहे, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्येच चढतं. वॉचमनला चहा पाज आणि विचार, किती घरं रिकामी आहेत. मी चुकले ती इथेच. बिल्डिंगमध्ये एकदम आठ घरं भाड्याला निघाली तेव्हा माझं भाडं दोन हजारांनी उतरवावं लागलं.

दोन किल्ल्या
काकूंनी करारावर लिहिलं नाही म्हणून. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं कोणीतरी सांगेलच. महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा ठरावीक मुदतीचा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरून चालतात. तुमच्या १७ हजार भाड्याला आणि ५० हजार अनामतीला मुद्रांक साधारण ५०० आणि महापालिका हद्दीत नोंदणी १०००. घरी येऊन अंगठे घेणारे आपले वेगळे पैसे घेतात.

चिंचवडची काकू
हो, तो धडा मी घेतलाय. पहिला भाडेकरू ओळखीतला होता, म्हणून नुसत्या ५०० च्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं. मुदत संपली, तो हलेना. आमचे हे दोन महिने दर रविवारी त्याच्याकडे चहा पिऊन परत यायचे. नोंदवलेला करार असता तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे वाद ऐकणारा सरकारी अधिकारी) घर रिकामं करून मिळावं म्हणून अर्ज करता आला असता, आणि मुदतीनंतरचं भाडं दुपटीने मागता आलं असतं. शेवटी अनामत परत देऊन वर टेम्पोचे पैसेही मीच भरले!

गोदाकाठ
काकू, १८ चा आकडा वाचून हात थंड पडले. सोसायटीने भाडेकरूसाठी वेगळे पैसे मागितले तर? आणि घर फक्त आईच्या नावावर घेतलं तर?

दोन किल्ल्या
मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क. ते मेंटेनन्समधल्या फक्त सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे. फरक मोठा आहे, बिल फोडून मागा. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट, तुमच्या घराला ४८ हजार. पण पगार तुमचा, घर आईचं, कर्ज कोणाच्या नावावर? बँकेला आधी विचारा, मगच टोकन द्या.

चिंचवडची काकू
टोकन देण्याआधी आणखी एक. विकणाऱ्याकडून सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं पत्र) आणि पार्किंग अलॉटमेंटचं पत्र माग. तिसरं मागितल्यावर एजंटचा चेहरा बघ आणि इथे येऊन सांग.

गोदाकाठ
मागितलं आजच. म्हणाला, "पार्किंगचं तोंडी ठरलेलं आहे, सोसायटीत सगळे तसंच लावतात." शनिवारी सकाळी सातला एकटाच जाऊन येतो.