'धडाम'चा राग 'ईना मीना डीका'वर का?

पेठकर : काल एकाने लिहिलं, "मथळ्यांत झिंगाट, धडाम वाचून वीट आला. निरर्थक शब्दांची ही कीड 'ईना मीना डीका'ने लावली." वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. अहो, तीट लावताना 'अडगुलं मडगुलं' ऐकत वाढलो आपण. मडगुलं म्हणजे काय, हे कुठल्या आईने सांगितलं? रोज 'चहाबिहा' म्हणतो, त्यातल्या 'बिहा'ला तरी कुठे अर्थ आहे? पण 'चहा घेणार?' म्हटलं की कपभर चहा. 'चहाबिहा' म्हटलं की बसा, पोहे टाकते. १९५७च्या 'आशा'तलं ते गाणं पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून सुचलं म्हणतात. पोरांचं होतं ते पोरांकडेच परत गेलं. याला कीड म्हणायचं?

जुना_वाचक : मीच लिहिलं होतं ते. मडगुलं पाळण्याशी ठीक, बातमी म्हणजे पाळणा नव्हे. आमच्या इमारतीतला मुलगा अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी मथळा : 'ट्रकच्या धडकेने दुचाकी धडाम!' वर उद्गारचिन्ह. त्याच्या आईच्या हाती पडू नये म्हणून आम्ही दोघांनी पहाटे जिन्यातले सगळे पेपर उचलले. आता सांगा मला चहाबिहा.

रात्रपाळी : वाईट झालं. पण धडाम निरर्थक नाही हो. कडकडाट, गडगडाट तसाच तो, आवाजावरून झालेला. बारा वर्षं डेस्कवर आहे. पान सोडायची वेळ झालेली, जागा एका कॉलमची. 'निर्देशांकात मोठी घसरण' बसत नाही, 'बाजार धडाम' बसतं.

बारदेशकार : आणि 'ईना मीना'त सगळं निरर्थक हे कुणी ठरवलं? 'माका नाका' ही आमची कोकणी. माझी आजी ताटावर आडवा हात धरून म्हणायची, "माका नाका." मला नको. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स या गोंयकाराने ते घातलं असं सांगतात. तुम्हाला कळलं नाही म्हणून निरर्थक?

पेठकर : मुद्दा मथळ्यांचा आहे, गोव्याचा नाही.

बारदेशकार : वा! गाणं तुम्हीच काढलंत ना? पुणतांबं आठवलं, गोवा नाही आठवला. 'अलबेला'त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आमच्या हळदोण्याचे. किती जणांना ठाऊक आहे? माझे आजोबा मुंबईत ट्रंपेट वाजवायचे. संगीतकाराने गुणगुणायचं, ह्यांनी नोटेशन लिहायचं. तबकडीवर नाव शोधत बसायचो आम्ही पोरं. कधीच नसायचं. आधी आमच्या कोकणीला मराठीची बोली म्हणालात, आता निरर्थक म्हणा!

पेठकर : मी बोली म्हणालो नाही. माझ्या तोंडी घालू नका.

तानपुरा : भांडू नका. तराण्याचे 'दिर दिर दानी तोम' निरर्थक म्हणूनच शिकवले मला. उस्ताद अमीर खाँ मात्र त्या बोलांत फारसी अर्थ आहे असं मांडत, तराण्यात फारसी रुबाईही गात. आमच्या गुरुजींना हे विचारलं तर वर्गाबाहेर काढलं होतं मला!

जुना_वाचक : 'माका नाका'पुरतं मागे घेतो. कोकणी आहे हे माहीत नव्हतं. गाण्याला कीड म्हणालो तेही जास्तच झालं. मथळ्यांचं मात्र तसूभर मागे घेणार नाही. 'सैराट' येऊन गेला २०१६ला, अजून पाऊस झिंगाट, बाजार झिंगाट, प्रचार झिंगाट! बाजार पडला तर खुशाल धडाम लिहा, बाजाराला आई नसते.

पेठकर : एवढं मान्य. त्या अपघाताच्या बातमीत तो शब्द नकोच होता. मी आधीच म्हणायला हवं होतं.

रात्रपाळी : मघाशी जागेचं कारण दिलं. खरं सांगतो, तसाच एक मथळा मीही दिलाय, विहिरीत पडलेल्या माणसावर, 'डुबुक' वापरून. हसत हसत दिला होता. दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. आवाज चढवला नाही. पेपरची घडी उलगडून टेबलावर ठेवली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.