एकेएपी-१२ जनुक मूक झाल्यास कर्करोग का पसरतो?

प्रश्न: एकेएपी-१२ या जनुकापासून बनणारे प्रथिन इतर प्रथिनांना पेशीत ठरावीक जागी बांधून ठेवते. निव्वळ खुंटीसारख्या या प्रथिनाचा कर्करोगाच्या प्रसाराशी संबंध कसा?

उत्तर १: खुंटी म्हणून त्याला कमी लेखू नये. प्रोटीन कायनेज ए आणि सी (इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवून त्यांचे काम बदलणारी विकरे) यांना ते धरून ठेवतेच, शिवाय पेशीला स्थलांतराचे संदेश देणाऱ्या एसआरसी प्रथिनालाही पेशीपटलाच्या विशिष्ट भागात अडकवते. ही पकड सुटली की पेशी शेजारच्या ऊतींत शिरू लागते.

उत्तर २: जठराच्या कर्करोगात हे जनुक अनेकदा शाबूत असते, मात्र त्याच्या प्रवर्तकावर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर, मिथाइल गट (छोटे रासायनिक गट) बसल्याने ते मूक होते, म्हणजे त्यापासून प्रथिन बनेनासे होते.

प्रश्नकर्ता: मग ते पुन्हा जागे करता येईल का?

उत्तर २: प्रयोगशाळेतील पेशींत डेसिटाबिन या डीएनएवरील मिथाइल गट कमी करणाऱ्या औषधाने तसे घडते, परंतु हे औषध एकाच जनुकाला निवडत नाही, हीच खरी अडचण आहे.