बाबांना शुगर होतीच, आता ब्रुनोलाही. योगायोग?

वैतागलेला_पुणेकर:
नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा ब्रुनो, लॅब्रेडॉर, वय 9. गेले दोन महिने पाणी पितोय म्हणजे पातेलंच्या पातेलं रिकामं, रात्री दोनदा खाली न्यावं लागतं आणि खाऊनपिऊन बारीक होत चाललाय, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे म्हणून. काल व्हेटने रक्त तपासलं तर शुगर 400 च्या वर! बाबांना टाइप 2 आहे, 15 वर्षं झाली. आई म्हणते "ह्यांचंच लागलं त्याला". हसलो सगळे, पण डोक्यात किडा वळवळतोय. असं काही संशोधन आहे का? आणि इंजेक्शन आता कायमचंच का?

आळशी_बोका:
लागत वगैरे काही नाही हो, पण आईंचं अगदीच चुकलं असंही नाही 😄 स्वीडनमधला अभ्यास आहे, 2020 च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कुत्रा-मालक अशा 2 लाखांवर जोड्या, मांजर-मालक सव्वा लाखाच्या आसपास, आणि 2007 ते 2012 कोणाला डायबिटीस होतो ते बघितलं. ज्यांच्या कुत्र्याला डायबिटीस, त्या मालकांना टाइप 2 व्हायची शक्यता इतर कुत्रेवाल्यांपेक्षा 38 टक्के जास्त निघाली, वय-उत्पन्न वगैरे धरून हिशोब केला तरी 32. मांजरवाल्यांत असं काही नाही. आता कोणामुळे कोणाला ते यातून कळत नाही, पण मालक सोफ्यावर तर कुत्रा सोफ्याखाली हे आपण बघतोच, मांजर कुठे तुमच्यासोबत फिरायला येतंय.

सुई_दोरा:
आमची डॉली तीन वर्षं इन्सुलिनवर होती म्हणून लिहिते. दादा, कुत्र्यांत बहुतेक वेळा स्वादुपिंडात इन्सुलिन बनणंच थांबतं, म्हणजे माणसाच्या टाइप 1 सारखं, त्यामुळे हो, कायमचं. माणसाच्या टाइप 2 शी खरं साम्य मांजराचं, लठ्ठपणाने येतो, आणि लवकर उपचार नि कमी कार्बचं खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा. गंमत म्हणजे 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्टने इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवरच, आणि डुकराचं इन्सुलिन कुत्र्याच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळतं.
दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिरिंज बघून घ्या, इन्सुलिनच्या 40 च्या बाटलीला (एका मिलीत 40 युनिट) लाल टोपीची, 100 ला केशरी, बाबांची उचलून ब्रुनोला वापरू नका, घोटाळा झाला तर जिवावर बेतेल. आणि डोळ्यांवर लक्ष ठेवा, कुत्र्यांना मोतीबिंदू फार पटकन होतो, डॉलीला आठवड्याभरात दिसेनासं झालं होतं.

उंदीरमामा:
थोडं विषयांतर, पण तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो. 2015 मध्ये सेल मेटाबॉलिझम या जर्नलमध्ये पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेलं काम आलं होतं. उंदरांच्या 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या, मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर दिलं, तरी शरीर सुधारलं नाही, चरबी जास्त, बी12 कमी, आणि डायबिटीस व्हायची शक्यता साध्या उंदरांच्या आठपट. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यालाही शुगर का होते त्याचं थोडं उत्तर यात असावं असं मला वाटतं. आजोबा-पणजोबांनी दुष्काळ काढलेत आपल्या. पण उंदीर तो उंदीर, थेट माणसाला लावू नका.

वैतागलेला_पुणेकर:
धन्यवाद सगळ्यांना, सुईताईंना विशेष. सिरिंजचं व्हेटनेही सांगितलं होतं, मीच घाईत ऐकलं नाही, आता ब्रुनोचा डबा वेगळा केलाय, वर नाव लिहून.
आणि आज सकाळी एक उलगडा झाला. बाबा चहाबरोबर दोन मारी खातात ना, त्यातलं एक चहात बुडवून खाली जातं, रोज, दोन्ही वेळेला. विचारलं तर म्हणाले "अर्धंच देतो रे". तेवढ्यात ब्रुनो येऊन त्यांच्या खुर्चीखाली बसला.

आळशी_बोका:
😂 बाबांचं हल्ली फिरणं किती होतं ते पण विचारा एकदा.

वैतागलेला_पुणेकर:
गुडघे दुखतात म्हणून सोसायटीच्या गेटपर्यंत. दोघंही.