पुलमन कंपनी नेमकी कशाने बुडाली?

रूळपंडित: रेल्वेची शयनयाने बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या शिकागोच्या पुलमन कंपनीची घसरण 1894 च्या कामगार संपापासून सुरू झाली आणि ‘युनियनने सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापली’, असे ‘खडेबोल’ यांनी काल लिहिले, ते वाचून राहवले नाही. संपानंतर तीस वर्षांनी ही कंपनी दर रात्री सुमारे 1 लाख प्रवाशांना आपल्या शयनयानांतून नेत होती. बुडत्याचे हे लक्षण असेल, तर प्रत्येक कारखानदाराने देव पाण्यात घालून असा संप मागावा. खरा घाव सरकारचा होता. डबे बांधायचे आणि आपणच चालवायचे, या मक्तेदारीवर 1940 साली खटला भरला गेला आणि निकालानंतर 1947 मध्ये चालवण्याचा धंदा रेल्वे कंपन्यांकडे गेला. बांधलेल्या डब्यांचे हक्काचे गिऱ्हाईकच हातचे सुटले.

खडेबोल: संपाचे नुकसान ताळेबंदात लगेच दिसत नसते. मालकाने कामगारांसाठी गाव वसवून विटांची पक्की घरे आणि वाचनालय उभारले, त्याची परतफेड काय झाली? मी स्वतः कारखाना चालवला आहे. टाळे कोणामुळे लागते, हे मला शिकवू नये.

शिकागोवासी: ती घरे फुकट नव्हती, साहेब! 1893 च्या मंदीत मजुरी सरासरी पाव हिश्श्याने कापली, भाडे मात्र जैसे थे, आणि भागधारकांना 8 टक्के लाभांश बिनबोभाट पोचला. शयनयानांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या पोर्टरांची कथा तर निराळीच. माझ्या शेजारच्या आजींचे वडील पोर्टर होते. ते रात्र रात्र जागून प्रवाशांचे बूट चमकवायचे आणि प्रवासी त्यांना मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावाने ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारायचे. जॉर्ज नावाच्या कोणालाही आजी आजही आडनावानेच बोलावतात. कामगार नेते रँडॉल्फ यांनी 1925 मध्ये पोर्टरांची संघटना बांधली, तरी कंपनीने करारावर सही करायला 1937 उजाडले.

खडेबोल: आजींविषयी आदर आहे, पण विषय डब्यांचा होता.

बोगीवाला: मग डब्यांचेच बोलू. प्रतिस्पर्धी बड कंपनीने 1934 साली स्टेनलेस स्टीलची झेफायर गाडी धावती केली, पुढे महामार्ग आणि जेट विमानांनी प्रवासीच पळवले, आणि 1968 अखेर पुलमनची शयनयान सेवा बंद पडली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला 754 डबे दिले, त्यांच्या बोगींना, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांना, तडे गेले. बोगी दुसऱ्या कंपनीच्या होत्या, बदनामी पुलमनची झाली. ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीला दुमजली सुपरलायनर डबा 1981 मध्ये देऊन बांधणी संपली. यात संप कुठे आला?

रूळपंडित: महामार्गांचे मान्य करावे लागते, नाइलाजाने. पण हक्काचे गिऱ्हाईक असते, तर कंपनी आणखी दहा वर्षे तगली असती.

खडेबोल: ठीक, संपाने कंपनी बुडाली नाही, आपण सारे विद्वान आहात. मात्र 1898 मध्ये न्यायालयाने कंपनीला तिचे गाव विकायला लावले, तो अन्यायच होता. त्यावर उद्या वेगळा धागा काढतो.