जुन्या फॉर्म्युला गाडीची सीट: फायबर, ॲल्युमिनियम की अंगाच्या मापाची ओतीव?

सात रस्ता
सोलापुरात उभी होत असलेल्या एका जुन्या फॉर्म्युला मारुतीवरून (एका चालकाची, उघड्या चाकांची रेसची गाडी) हा विषय काढतोय. पाइपांची चासी, मागे मारुती आठशेचं इंजिन आणि मूळ फायबरची सीट बोल्टच्या भोकांपासून चिरत गेलेली. माझं मत: तीच सीट साच्यावरून पुन्हा काढू नये. तयार घाटाच्या सीटमध्ये चालक सैल बसतो, मग ती पोकळी लोक सोफ्याच्या स्पंजने भरतात. धडकेत आधी स्पंज दबतो, तेवढाच बेल्ट ढिला पडतो आणि शरीर वेग घेऊन खालच्या पत्र्यावर आदळतं. मणका जातो तो असा.

त्यापेक्षा मण्यांची सीट. जाड पिशवीत थर्माकोलचे बारीक मणी इपॉक्सी रेझिनमध्ये कालवून भरायचे. गिअरचा रॉड, केबल, अग्निशामक सगळं प्लास्टिकने झाकून पिशवी कॉकपिटमध्ये पसरायची. चालकाने सूट, बूट, हेल्मेटसकट बसायचं, कंबर आणि खांद्यांभोवती मणी दाबून घ्यायचे, मग व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. पिशवी जागच्या जागी आवळते. रेझिन धरेपर्यंत हलायचं नाही. ढुंगणाखाली जेमतेम १५-२० मिमी थर, बाकी सगळा माल कुशीला आणि पाठीला.

चिंचोळी एमआयडीसी
मालक, थर्माकोल पेटतो हे विसरलात की काय? अशा बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीशी नाहीतर कुशीला असते. ५०५२ ग्रेडचा ३ मिमी ॲल्युमिनियम पत्रा घ्या, बरगड्यांना आणि खांद्यांना आधार वाकवून घ्या, कडा गोल दुमडा. धडकेत पत्रा वाकतो, फायबरसारखी टोकदार कपची उडत नाही, आगीला खाद्य मिळत नाही. पत्रा वाकवणारे अक्कलकोट रोडला आहेत. चासीला धरायला ८ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, मागे ३ मिमीची लोखंडी पट्टी. नुसत्या वॉशरवर पत्रा भोकातून फाटून निघतो, फायबरचंही तेच होतं.

बाळीवेस
दोघेही माप न घेता भांडताय. पुढच्या हूपच्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी पाइपची कमान) माथ्यापासून मागच्या रोल हूपच्या माथ्यापर्यंत सरळ पट्टी ठेवा. चालक बेल्ट आवळून बसलेला असताना हेल्मेट त्या पट्टीच्या किमान ५० मिमी खाली हवं. ॲल्युमिनियमच्या बहुतेक तयार सीट ताठ बसणाऱ्या गाडीसाठी असतात. त्या या चासीत टाकल्या की डोकं हूपच्या वर जातं. मग कितीही जाड पत्रा लावा, गाडी उलटली की संपलं.

विजापूर वेस
मग एफआयएचं (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) लेबल असलेली रॅलीची सीट बाजूने कापून बसवली तर? निदान प्रमाणित माल तरी असेल.

बाळीवेस
कापली की लेबलचा अर्थ संपला. शिवाय एफआयएच्या ८८५५-१९९९ या सीट-मानकाच्या लेबलची मुदत उत्पादनापासून ५ वर्षं, म्हणजे स्वस्तात मिळणारी जुनी सीट बहुधा मुदतबाह्यच. आणि हिचे खांदे पाइपांच्या मध्ये मावणारच नाहीत.

सतराचा पाना
मण्यांची सीट करणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: पॉलिएस्टर रेझिन चालत नाही. आपल्याकडे फायबरच्या टाक्या, पत्रे बनवणारा कुणीही तेच देतो. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, पिशवीत सीटऐवजी चिकट लगदा उरतो. इपॉक्सीच हवं, तेही सावकाश धरणाऱ्या हार्डनरचं. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास देणारं रेझिन मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी दहा मिनिटंही देत नाही. पहाटे करा, नाहीतर हिवाळ्यात.

आणि दोन बाटल्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे दोन द्रव मिसळले की फुगणारा, स्वस्त म्हणून कुणी सुचवेल, त्यावर आधीच सांगतो. तो फुगताना पॅनेल बाहेर ढकलतो, जाड थर एकदम ओतला तर गाभा करपेल इतका तापतो, जळाला तर धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू. त्याच्या एका बाटलीतल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला वेगळी. ओतायचाच असेल तर पातळ थर, मोकळी हवा, वाफेसाठीचा योग्य मास्क.

चिंचोळी एमआयडीसी
उंचीचा मुद्दा मान्य. मग ताठ तयार सीट नको, मूळ कोनाप्रमाणे मागे कललेलं १.५ मिमी पत्र्याचं कवच करा, त्यात मण्यांचा साचा बसवा. साचा बाहेर काढता येईल, चासी तपासता येईल, टाकीच्या बाजूला धातूही राहील.

सात रस्ता
कवच चालेल, पण बेल्टच्या भोकांचं काय? पत्र्याची उघडी कड बेल्ट कापते. प्रत्येक भोकाला गोल कडपट्टी हवीच. बेल्टचे अँकर थेट चासीच्या पाइपला, सीटला कधीच नाही. कमरेचा पट्टा पोटावर न येता नितंबाच्या हाडावर बसला पाहिजे. कललेल्या बैठकीत चालक पट्ट्याखालून पुढे घसरतो, म्हणून मांड्यांमधल्या दोन पट्ट्यांसकट सहा-पॉइंट बेल्ट. ही भोकं साचा धरल्यावर कापत बसू नका. ओतण्याआधीच त्या जागी लाकडी ठोकळे ठेवा.

विजापूर वेस
वरून काय चढवायचं? टेरी टॉवेलचं कापड घाम शोषतं.

सतराचा पाना
टॉवेल सोलापुरी असला तरी सुती, भुरकन पेटतो. नोमेक्स (रेसच्या सूटचं न पेटणारं कापड), नाहीतर अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापड, आणि त्याखाली साच्यावर ॲल्युमिनियम टेप. डोक्यामागे मात्र ऊर्जा शोषणारा खास फोमच हवा. पण तो उन्हात मऊ पडतो, थंडीत कडक. कॉइम्बतूरच्या रेस ट्रॅकवरच्या हवेत ठीक वाटलेला तुकडा इथल्या ४३ अंशांत अंगठ्याने दाबून पाहा. लगेच तळाला टेकला तर वेगळ्या कडकपणाचा घ्या.

बाळीवेस
आणि हे सगळं बसवल्यावर पट्टी पुन्हा ठेवा. मण्यांचा थर, टेप, कापड, कवच मिळून चालक सहज २० मिमी वर येतो.